अडतीस वेढे

जालना, ४ ऑगस्ट २०२५

उस्ताद,

सलाम. तुम्ही माझा फोन उचलणं बंद केलं, म्हणून कागदावर लिहून राह्यले. हे पत्र रजिस्टर केलंय. पोस्टमन सही घेईल, म्हणजे "मिळालंच न्हाई" म्हणायची सोय ठेवली न्हाई.

अंबरीन, अब्बांना हे तूच वाचून दाखवणार, मला माहीत आहे. जोरात वाच. ते चिडतील म्हणून मधलं काही गाळू नको. तुझ्या आईसारखी तू पण भांडण मिटवायला बघतेस, आणि मला हे भांडण इतक्यात मिटवायचं न्हाई.

मी दुकानातून पळून गेले असं तुम्ही टेंभुर्णीभर सांगितलं म्हणे. त्रेचाळीस वर्षांची बाई दिवसाढवळ्या, पिशवी घेऊन, स्टँडवर दहा जणांना राम राम करत एसटीत बसली. त्याला पळून जाणं म्हणतात का हो? आदल्या दिवशी तुम्हाला सांगितलं होतं. तुम्ही "हां हां" केलं आणि चहा मागवला. तुम्हाला वाटलं, बाई जाऊन जाऊन जाईल कुठं.

तर इथं आले. एमआयडीसीत लोखंडाचा कारखाना आहे, तिथं जळालेल्या विजेच्या मोटारींत नवी तार भरायचा वेगळा विभाग आहे. आपल्या दुकानात जे काम तेच, फक्त मोटारी मोठ्या आणि डोक्यावर पंखा. शिकाऊ उमेदवारी दोन प्रकारची आहे. पोरापोरींना दोन वर्षं, पण वय पंचवीसच्या आत पायजे. आणि ज्यांनी दहा वर्षांच्या वर ह्याच कामात स्वतःचे हात घातलेत, त्यांना फक्त आठ महिने. आठ महिन्यांनी परीक्षा, आणि पास झालं की शिक्क्याचा कागद. त्याच्यावर "मोटार वायंडर" लिहिलेलं असतं आणि खाली नाव. माझं नाव, उस्ताद.

मला आठ महिन्यांच्या यादीत तात्पुरतं घेतलंय. ३० ऑगस्टच्या आत जुन्या मालकाचा दाखला पायजे. न्हाई आला तर नाव कटलं. दोन वर्षांच्या यादीत माझं वय बसत न्हाई, म्हणजे मंग घरी.

तुम्हाला एकच ओळ लिहायची आहे. "इंद्रायणी माझ्या दुकानात एकोणीस वर्षं मोटारी भरत होती." वाढवून लिहू नका, तारीफ करू नका. खाली सही ठोका.

आणि मी का गेले म्हणून लोकांना विचारत बसू नका, मीच सांगते. जानेवारीत ग्रामपंचायतीनं दुकानासमोर तुम्हाला शाल-नारळ दिला. "तालुक्यात फकरोद्दीनभाईंसारखा हात न्हाई," असं माईकवर बोलले. त्या वेळी मी आत गोणपाटाच्या पडद्यामागं बसून मोटार भरत होते. टाळ्या तिथून ऐकल्या. तुम्ही शाल घेऊन आत आलात आणि म्हणालात, "इंद्रा, धूळ लगेगी, ऊपर रख दे." मी शाल वर ठेवली, आणि त्याच आठवड्यात फॉर्म भरला.

इंद्रायणी


जालना, १२ ऑगस्ट

उस्ताद,

तुमचा दाखला मिळाला. अक्षर अंबरीनचं आहे, शब्द तुमचे आहेत. "इंद्रायणी ही बाई आमच्या दुकानात झाडलोट, चहापाणी व वरकाम करीत होती. वर्तन चांगले."

वर्तन चांगले! एकोणीस वर्षं काढून बाईचं वर्तन चांगलं निघालं, वा!

हा कागद घेऊन ऑफिसात गेले तर तिथल्या मॅडमनी आधीच तुम्हाला फोन लावून खात्री केलेली. फोनवर पण तुम्ही तेच बोलले. झाडू मारायची. मॅडम बिचाऱ्या चांगल्या आहेत. मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "ताई, दुसऱ्या कुठल्या दुकानातून थोडं वाढवून लिहून आणा. सगळेच आणतात." मी म्हणाले, मॅडम, मला वाढवून नको, जेवढं आहे तेवढंच पायजे. त्या म्हणाल्या, मंग अवघड आहे.

अवघड आहे तर आहे.

मी चोविसाव्या वर्षी तुमच्या दारात आले तेव्हा मला तांबं आणि पितळ ह्यातला फरक कळत नव्हता. आमचा बाप मेंढरं राखायचा. नवरा एका उन्हाळ्यात पुण्याला कामाला म्हणून गेल्ता तो परत आला न्हाई. तुम्ही झाडू दिला हे खरं आहे, खोटं कशाला बोलू. पण किती दिवस दिला? चार महिने. पाचव्या महिन्यात तुम्ही माझ्या हातात बांबूची पट्टी दिली आणि तार खाचेत कशी दाबायची ते दाखवलं. तार सोलवटली की माझ्या बोटांवर मारायचे, मुका मार. तुमच्या उजव्या हाताच्या अंगठ्याला जिथं घट्टा आहे, तिथंच मला आहे. झाडू मारून तिथं घट्टा येतो का? तुमच्याच मशिदीतल्या मौलवी साहेबांना विचारा, ते सांगतील.

दाखला सोबत परत पाठवून राह्यले. असला कागद मला ठेवायचा न्हाई. अंबरीन, तुझा राग न्हाई गं. तुला लिहायला सांगितलं, तू लिहिलंस. पण लिहिताना तुझी लाईन वाकडी झालीय, तेवढं मी बघितलं.

इंद्रायणी


जालना, २० ऑगस्ट

उस्ताद,

तुमचं उत्तर आलं न्हाई. बराबर आहे, उत्तर असायला तर पायजे.

मी आठ दिवस शिव्या देऊन घेतल्या, आता डोकं जरा शांत झालंय. तुम्ही खोटं का बोलले ते मला माहीत आहे. तुमच्याशिवाय ते दोनच माणसांना माहीत आहे, मी आणि अंबरीन, म्हणून इथं लिहिते. साखरेनं तुमच्या डोळ्यांचा पडदा गेला त्याला अकरा वर्षं झाली. माणूस दिसतो, रस्ता दिसतो, गिऱ्हाईक दिसतं, पण केसाएवढी तार दिसत न्हाई. डॉक्टरांनी हात टेकले, तेव्हा तुम्ही दुकानाच्या मागच्या पायरीवर बसलेलात आणि मला म्हणालात, "किसी को बोलना नक्को." मी बोलले न्हाई. त्या दिवसापासून एकही मोटार तुम्ही भरलेली न्हाई. तुम्ही पुढं बसून बोलायचं, मोटारीचा आवाज ऐकून दोष सांगायचा, आणि मी आत भरायची. नाव तुमचं चालत राह्यलं.

त्या अकरा वर्षांचं मला वाईट वाटलं न्हाई. तुम्ही उस्ताद होते आणि आहात. तुमच्यासारखा कान जिल्ह्यात न्हाई. पण दाखल्यावर माझं नाव लिहिलं तर लोक विचारतील, मंग फकरोद्दीनभाई काय करत होते? आणि आष्टीपासून माणसं मोटार घेऊन येतात ती तुमच्या हातासाठी. हे भ्या मला कळतं. आपल्या जुन्या गिऱ्हाइकाची, हरिओमची मोटार महिन्यापासून दुकानात पडून आहे, हे पण मला कळलंय. मी गेल्यापासून तिथं एकही मोटार भरली गेली न्हाई. अंबरीननं सांगितलं न्हाई, तिला बोलू नका. हरिओमच इथं स्टँडवर भेटला. म्हणाला, "उस्तादांची तब्येत ठीक न्हाई वाटतं." मी म्हणाले, वय झालं त्यांचं. बघा, अजून तुमचंच झाकून राह्यले.

पण तुमची भीती मोठी आणि माझं नाव लहान, असं कुणी ठरवलं? तुमचं झाकायला मी स्वतःला झाडूवाली म्हणवून घ्यायचं? बिलकुल न्हाई.

आता बातमी ऐका. इथं शिकवायला काकासाहेब म्हणून आहेत, साठीचे, पूर्वी ह्याच कारखान्यात मोटारी भरायचे. सोमवारी त्यांच्या केबिनच्या दाराशी जाऊन बसले. शिपाई उठवायला आला, उठले न्हाई. दोन तासांनी ते बाहेर आले. मी म्हणाले, साहेब, कागद माझ्याविरुद्ध बोलून राह्यला, पण मला एक जळालेली मोटार द्या आणि समोर बसा. ते माझ्या हाताकडं बघत राह्यले. मंग म्हणाले, "पंचवीस तारखेला ये."

तर तुमच्या दाखल्याशिवाय होणार आहे. बसा तुम्ही तुमची सही सांभाळत.

इंद्रायणी


जालना, २६ ऑगस्ट

उस्ताद,

परीक्षा झाली. चांगली झाली.

पाच हॉर्सपॉवरची मोटार होती. शेजारच्या टेबलावर साक्षी नावाची एकोणीस वर्षांची पोरगी होती, दोन वर्षांच्या यादीतली, तिच्या पुस्तकात सगळं छापलेलं. मी तिच्याआधी दीड तास उठले. माझ्या वेढ्यांवर एक तार वर न्हाई, एक खाली न्हाई. पोरं बघायला जमली होती.

आज मोटार चालवून बघितली. निकाल दोन-तीन दिवसांत कळवतील.

एक गोष्ट तुम्हाला विचारायची होती, पण राहू द्या.

इंद्रायणी


जालना, ३० ऑगस्ट

उस्ताद,

मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं. परीक्षा चांगली झाली न्हाई. मोटार तापली. चालू केली आणि वीस मिनिटांत वरून हात ठेववेना. मीटर लावला तर नुसती रिकामी फिरताना दुप्पट करंट खाऊन राह्यली होती. काकासाहेबांनी बंद करायला लावली. तुम्हाला विचारायचं होतं ते हेच, की मोटार का तापली असेल. पण तुम्हाला विचारायला जीभ उचलेना, आणि तुमच्यासमोर हरले असं लिहायला हात उचलेना.

परवा काकासाहेबांनी मोटार उघडली. मला विचारलं, "किती वेढे घातले?"

मी म्हणाले, चव्वेचाळीस. जुनी तार काढताना मोजले होते, आणि कागदावर माझ्याच अक्षरात चव्वेचाळीस लिहिलेलं.

"मोज," ते म्हणाले.

मोजले. अडतीस.

पुन्हा मोजले. अडतीस. दुसऱ्या खाचेतले मोजले. अडतीस. सगळीकडं सहा कमी, एकसारखे, आणि तार एक नंबर जाड. कागदावर लिहिलं एक आणि हातानं केलं भलतंच! मला खरंच माहीत नव्हतं, उस्ताद. साक्षीनं तोंडावर हात ठेवला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्या पोरांसमोर आलं म्हणून जास्ती संताप आला. वाटलं, संपलं. आता पिशवी उचलायची आणि तुमच्या पडद्यामागं जाऊन बसायचं.

काकासाहेब ओरडले न्हाईत. स्टूल ओढून समोर बसले.

"तू जिथं काम केलंस, त्या गावात होल्टेज किती येतं?"

मी म्हणाले, तीनशे तीस आलं तर नशीब. पिकाला पाणी द्यायच्या दिवसांत तीनशेच्या खाली.

"म्हणून सहा कमी."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. आपल्याकडं लाईटीला दम न्हाई. पुस्तकाप्रमाणं चव्वेचाळीस वेढे भरले तर मोटार नुसती घूं घूं करते, पाणी उचलत न्हाई आणि जळते. म्हणून तुम्ही वेढे कमी करून जाड तार टाकायला शिकवलं. त्यानंच तुमचं नाव झालं. कमी होल्टेजवर पण फकरोद्दीनची मोटार पाणी फेकते. पण इथं कारखान्यात पूर्ण चारशे पंधरा येतं. तेवढ्यावर अडतीस वेढ्यांची मोटार तापणार न्हाई तर काय होईल! माझ्या हातांना टेंभुर्णीची लाईट पाठ होती, जालन्याची न्हाई.

काकासाहेब ऑफिसच्या मॅडमना म्हणाले, "ही चूक पुस्तक वाचणारा करत न्हाई. झाडू मारणारी बाई तर करूच शकत न्हाई. ही चूक करायला शेकडो मोटारी हाताखालून जाव्या लागतात. आणि असे सहा कमी वेढे मी पूर्वी उघडलेत. टेंभुर्णीच्या मोटारी आहेत ह्या."

मॅडम म्हणाल्या, सर, ते ठीक आहे, पण नियमात मालकाचा शब्द पायजे, आणि मालक तर झाडू म्हणतो. उद्या शेवटचा दिवस आहे.

तर काल अकरा वाजता तुम्हाला जो फोन आला, तो असा आला. तुम्हाला वाटलं एकटे काकासाहेब बोलून राह्यले. फोन टेबलावर ठेवलेला होता, आवाज मोठा करून. मी होते, मॅडम होत्या, साक्षी चहाचे कप घ्यायच्या निमित्तानं दारात उभी होती. चोरून ऐकलं म्हणा. एकोणीस वर्षं पडद्यामागून ऐकत आले, एक दिवस टेबलावरून ऐकलं.

काकासाहेब म्हणाले, "फकरोद्दीनभाई, तुमच्या झाडूवालीनं आमची मोटार तापवली."

तुम्ही म्हणालात, "मैं ने बोला ना साब, वो झाडू मारती थी. उसकू क्या आता."

"चव्वेचाळीसच्या जागी अडतीस वेढे घातले तिनं."

आणि मंग तुमचा तो आवाज आला, ज्यानं दुकानातले पाने-पक्कड हलतात.

"अडतीस? कारखाने में अडतीस? अरे वो हमारे गाँव का हिसाब है, हमारी लाईट का! होल्टेज पूछे बगैर कायकू भरी? उन्नीस साल से बोल रहा हूँ उसकू, पहले लाईट पूछ, फिर तार काट! हजार मोटारा भरी होएंगी उसने मेरे दुकान में, हजार, और अभी तक इत्ती अक्कल..."

आणि थांबलात.

मॅडमचा पेन हवेत होता. मी मनात म्हणत होते, आता म्हणा, चुकून बोललो. म्हणा झाडू. बघते.

मंग तुम्ही हळू आवाजात म्हणालात, "लिख लेव," आणि फोन ठेवला.

अंबरीन, तू जवळ होतीस का तेव्हा? ते दोन शब्द ऐकलेस का तू? न्हाई ऐकले तर आता वाचतीयेस ते दोनदा वाच.

मॅडमनी लिहिलं. अनुभवाच्या रकान्यात "एकोणीस वर्षे, अंदाजे एक हजार मोटारी, मालकाकडून फोनवर खात्री केली." उस्तादाचं नाव लिहायची पण एक जागा आहे तिथं. ती मी स्वतःच्या अक्षरात भरली. मला आठ महिन्यांच्या यादीत पक्कं घेतलंय. अट एकच घातली, मोटार पुन्हा भरून दाखवायची. काल दुपारीच भरली. आधी साक्षीला विचारलं, बाई, लाईट किती? ती हसली. मंग चव्वेचाळीस भरले. गार चालली.

काकासाहेबांनी नंतर मला एकटीला विचारलं, "फकरोद्दीननं स्वतः भरणं कधी सोडलं?" मी म्हणाले, ते तुम्ही त्यांनाच विचारा. तुमच्या डोळ्यांचं मी बोलले न्हाई, बोलणार पण न्हाई. ते बोलायचं तुम्ही.

पण माफ केलं असं समजू नका. तुम्ही मला झाडूवाली लिहून दिलं, शुद्धीत, सहीनिशी. खरं बोलले ते रागाच्या भरात, मी चुकले तेव्हा. मी चुकले नसते तर तुम्ही मेल्यावर पण बोलले नसते. हे मला लागलंय आणि अजून बरेच दिवस लागणार आहे. तरी सांगते, काल तुम्ही मला भरल्या ऑफिसात बेअक्कल म्हणालात आणि मला एवढं बरं वाटलं, की कारखान्याच्या गेटपर्यंत मी एकटीच हसत गेले. लोकांना वाटलं बाईला लागिर झालं.

आता पुढचं, आणि हे नीट ऐका. एप्रिल संपता संपता माझी उमेदवारी पुरी होते. कागद घेऊन मी टेंभुर्णीलाच येणार. ह्या कारखान्यात राहणार न्हाई, इथल्या मोटारींना टेंभुर्णीचं काही समजत न्हाई. स्टँडसमोर गाळा रिकामा आहे, मी भाडं विचारून ठेवलंय. एक तर तुमच्या पाटीवर तुमच्या नावाशेजारी माझं नाव येईल, त्याच मापाच्या अक्षरात, आणि मी पुढं बसून भरीन. न्हाई तर माझी पाटी तुमच्या पाटीसमोर लागेल, आणि आष्टीहून येणाऱ्या माणसाला ठरवू द्या हात कुणाचा. तसं झालं तरी मोटारीचा आवाज ऐकायला मी तुम्हालाच बोलवीन, कारण तो कान माझ्याकडं न्हाई.

गिऱ्हाइकासमोर माझं नाव घ्यायला शिका, उस्ताद. "ही इंद्रायणी, मोटारी हीच भरते." एवढंच वाक्य आहे. तुम्हालाही आठ महिने देते. अनुभवी माणसाला तेवढे पुरतात.

इंद्रायणी
मोटार वायंडर